शमुवेल मास्तरांच्या सोबतिणी

शमुवेल मास्तर गोष्ट लिहून झाली की ती घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायचे. खुर्ची उलटी ठेवायची, तिच्या पाठीवर कोपरं टेकायची आणि मोठ्याने वाचायचं. मी विळीवर भाजी चिरत असे. वाचताना त्यांचा एक कान विळीकडे असायचा. विळी थांबली की त्या ओळीपाशी पेन्सिलीची खूण. पान संपेपर्यंत विळी चालूच राहिली तर ते पान चुलीत. चूल माझ्या ताब्यात, त्यामुळे पेटवणाला कागद मला कधी कमी पडला नाही.

एकदा विळी थांबली म्हणून त्यांनी खुशीत दोन खुणा केल्या. मी म्हटलं, "मास्तर, बोट कापलंय. पट्टी कुठे ठेवलीत?"

"कापलं कशाने? लक्ष गोष्टीत होतं म्हणूनच ना? मग खूण बरोबर आहे." आणि मग पट्टी शोधायला उठले.

मी लांज्याच्या आतल्या एका गावची. नवरा गेल्यावर रत्नागिरीत कामाला आले आणि आठवड्याभरात मास्तरांकडे लागले. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. मिरजोळ्याच्या वाटेवर त्यांचं जांभ्या दगडाचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. बायको वारलेली, मुलगी रूथ लग्न होऊन पुण्याला. हे सगळं ऐंशीनंतरच्या वर्षांतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. बाबांवर काहीतरी लिहून दे असं रूथने सांगितलं म्हणून लिहिते. झालं तेच लिहीन.

पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाक काय येतो ते विचारलं नाही. विचारलं, "एखादी गोष्ट खोटी वाटली तर तोंडावर सांगता येतं का?"

मी म्हटलं, "त्याच्यापायीच आधीच्या घरातून काढलंन मला."

"मग उद्यापासून या."

त्यांच्या गोष्टी मी ऐकलेल्या गोष्टींसारख्या नव्हत्या. राजा नाही, भूत नाही, सासू नाही. सगळं पाचशे वर्षांनंतरचं. समुद्र वर चढलाय, रत्नागिरीचा खालचा बाजार पाण्याखाली गेलाय आणि माणसं वर सड्यावर, उघड्या कातळावर घरं बांधून राहतायत. तिथे एक होडी आहे. खाडी ओलांडायला असते तशीच, पण ही पाण्यातून जात नाही, काळातून जाते. तिच्यात बसलं की शंभर वर्षं मागे जा, हजार वर्षं मागे जा. ती होडी चालवतात ख्रिस्ती बायका. मास्तर त्यांना सोबतिणी म्हणायचे.

या सोबतिणींना एकच काम. आजवर जो कोणी एकटा मेला, त्याच्यापाशी जाऊन बसायचं. कपाळावर हात ठेवायचा, तोंडात घोटभर पाणी घालायचं, जीव गेला की डोळे मिटायचे आणि परत फिरायचं. मरणारा कुठल्या देशाचा, कुठल्या देवाचा, साव की चोर, हे बघायचं नाही. आणि त्याला वाचवायचंही नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विळी थांबली, पण रागाने.

"एवढ्या लांबून येतात त्या हात हलवत येतात? औषध आणायला काय झालं त्यांना?"

"तसा नियम आहे."

"केला कोणी?"

"मी."

"मग मोडा की. तुमचाच हाय."

"मोडला तर मेलेली माणसं उठतील, पार्वतीबाई. मग पुढचं सगळं फिरेल. तुम्ही आणि मी जन्मायचो कुठे?"

"नसतो जन्मलो तर एवढी भांडी घासायची वाचली असती."

मास्तर हसायला लागले की खोकायचे आणि खोकायला लागले की थांबायचे नाहीत. पाणी प्याल्यावर म्हणाले, "काळ म्हणजे खाडी. होडीने पलीकडे जाता येतं. खाडी उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही." हे वाक्य ते पुढे कशालाही वापरायचे. दूध नासलं तरी खाडी उचलता येत नाही.

मला एक शंका होती, ती मी पुष्कळ दिवस ठेवून दिली होती. एकदा तांदूळ निवडताना विचारली. "या तुमच्या बाया कुठल्याही काळात जातात. मग तुमच्या ख्रिस्ताला खांबावर चढवलं तिथे जातात की नाय?"

"नाही जात."

"का? सगळ्यात आधी तिथेच जायला पाहिजे."

"तिथे आई होती ना त्याची," मास्तर म्हणाले. "खाली उभी होती. एकटा नव्हता तो. सोबतिणी एकट्या माणसाकडे जातात."

मी त्यांच्या धर्मातली नाही, पण हे मला पटलं. मी तसं सांगितलंही. मास्तरांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः धुतलं.

बाहेर मात्र या गोष्टी कोणाला नको होत्या. दिवाळी अंकांना पाठवायच्या आणि त्या परत यायच्या. मास्तर म्हणायचे, "विज्ञानवाल्यांना यात देव जास्त वाटतो आणि देववाल्यांना यंत्र." मी म्हणायची, मग कोणीतरी एक काढून टाका. ते म्हणायचे, "मासळीतून काटा काढता येतो, पार्वतीबाई. काट्यातून मासळी काढून काय राहील?" त्यातला काटा कोण, देव की यंत्र, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला मास्तरांनीच एकदा सांगितलं. त्यांची बायको मिरजेच्या इस्पितळात होती. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. चहा प्यावासा वाटतो म्हणाली. मास्तर म्हणाले, बघून येतो. खाली गेले, टपरीवर उभ्याने अर्धा कप स्वतः प्याले, तिच्यासाठी दुसरा सांगितला. वर येईपर्यंत ती गेली होती. खाटेशी कोणी नव्हतं.

"मग तुमच्या बायकोची गोष्ट का लिहीत नाय?" मी विचारलं.

"सुरुवात करतो. टपरीपर्यंत जातो. पुढे लिहिता येत नाही."

मी भात उतरवला.

मग एका वर्षी पाऊस सरता सरता मास्तरांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. मी काढे दिले, सुंठ दिली. आवाज उतरतच गेला. वाचता वाचता शब्दाच्या मधेच हवा सुटल्यासारखी व्हायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं. तिथल्यांनी सांगितलं, गळ्याचं ऑपरेशन करावं लागेल, जीव राहील, आवाज राहील असं नाही. ऑपरेशन नाताळनंतरचं ठरलं.

मिरजेच्या एस.टी.तून उतरून मास्तर घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "नाताळच्या प्रीतिभोजनानंतर मंडळीसमोर एक गोष्ट वाचायची आहे. माझ्या तोंडाने. एकदाच." चर्चच्या लोकांना ते मंडळी म्हणत. आयुष्यभर त्यांची गोष्ट माझ्याशिवाय कोणी धड ऐकली नव्हती. आवाज होता तोवर एकदा माणसांनी ऐकावी, एवढंच त्यांना हवं होतं. जिवापेक्षा त्यांना त्याचीच काळजी जास्त होती. मी त्यांना मूर्ख म्हटलं. ते हो म्हणाले.

कुठली गोष्ट वाचायची हे ठरेना. मग एके दिवशी दारात येऊन उभे राहिले. खुर्ची आणली नव्हती.

"पार्वतीबाई, तुमच्या यजमानांची लिहू का?"

माझा नवरा मुंबईला एका बेकरीत कामाला होता. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा. कावीळ झाली, इस्पितळात टाकलं. खोलीतली माणसं आपापल्या पाळीवर गेलेली असताना तो गेला. मला तार आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंडात तुळशीचं पाणीसुद्धा पडलं नाही त्याच्या, असं मी मास्तरांना एकदा सांगितलं होतं. त्यापलीकडे या विषयावर मी कोणाशी बोलत नव्हते.

"लिहा," मी म्हटलं. "नाव घालू नका."

त्यांनी लिहिली. सोबतीण इस्पितळात येते, बेकरीतल्या माणसाच्या खाटेवर बसते, पदराच्या गाठीतून तुळशीचं पान काढते आणि पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर ठेवते. मला वाचून दाखवली. विळी थांबली नाही. त्यांना वाटलं मी मुद्दाम चालवतेय.

गोष्ट पाळकसाहेबांना दाखवली. पाळक म्हणजे त्यांच्या चर्चचे गुरुजी. तरुण माणूस, नगरकडचा, स्वभावाने सरळ. दुसऱ्या दिवशी सायकलवरून आले आणि पडवीत बसले.

"मास्तर, पाचशे वर्षांनी चर्च राहत नाही असं लिहिलंय तुम्ही."

"इमारत राहत नाही, एवढंच लिहिलंय. चर्च होडीत बसलंय."

"बरं, तेही वाचा. पण ते तुळशीचं पान काढा."

"ते माणसाचं शेवटचं मागणं आहे, पाळकसाहेब."

"मला समजतं. पण समोर अब्राहामकाका बसणार. त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना नेसत्या कपड्यांनी घराबाहेर काढलं. अंगणातल्या तुळशीपुढून हाकलत नेलं. काकांनी हे आम्हाला कितीदा सांगितलंय. आता नाताळच्या दिवशी, आपल्याच मंडपात, आपलीच सोबतीण पदरातून तुळस काढते हे त्यांनी ऐकायचं? नव्वदीला आलेत ते."

पाळकसाहेबांचं चुकत नव्हतं, म्हणूनच अडचण होती. चुकत असतं तर मास्तर भांडले असते.

पुढचे दिवस वाईट गेले. नाताळ जवळ आला. आवाज रोज थोडा कमी. मास्तर पडवीत बसून राहायचे. "तुळस काढली तर गोष्ट खोटी होते. ठेवली तर त्या म्हाताऱ्यासमोर माझं तोंड उघडणार नाही. नाहीच वाचली तर बरं." हे त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी हात पुसत बाहेर आले.

"तुळस मागितलीन कोणी?"

"अहो, तुम्हीच म्हणालात. तोंडात तुळशीचं पाणीसुद्धा..."

"ते म्हणायची रीत हाय. सगळे म्हणतात तसं मी म्हटलं. माझ्या माणसाने उभ्या जन्मात देवाला दोनदा हात जोडले असतील, ते पण मी हात धरून नेलं तेव्हा. त्याला काय करायची तुळस?"

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "मी म्हटलं, तुम्ही हिंदू..."

"तुमी विचारलंत काय? तुमच्या त्या सोबतिणीने विचारलंन? आली ती आपल्या मनाने पान घेऊन आली."

"मग त्यांना काय हवं असतं?"

"पेज. उकड्या तांदळाची, गरम, पातळ. मुंबईहून गावी आला की पिशवी टाकायच्या आधी विचारायचा, पेज हाय काय? तिथे सगळं मिळायचं, ती मिळायची नाय."

"पण सोबतिणीला हे कळणार कसं? तो तर बोलण्याच्या पलीकडे गेलाय."

"घरी विचारून. काळातून फिरते ना ती? मग वाटेत लांज्याला उतरायला काय झालं? बायकोच्या दारात उभं राहावं, म्हणावं, बाय, तुझ्या माणसाकडे चाललेय, काय नेऊ? घ्यावं आणि निघावं."

मास्तर उठले. खुर्चीला अडखळले. "मागे राहिलेल्याकडे आधी जायचं," असं काहीतरी पुटपुटत आत गेले. मी ताक घुसळायला घेतलं तरी ते लिहीतच होते. त्यांच्या सगळ्या सोबतिणींचा रस्ता त्या दिवशी बदलला. आजवर त्या सरळ मरणाऱ्याकडे जात. आता त्या आधी जिवंत माणसाचं दार वाजवू लागल्या.

पाळकसाहेबांनी नवी गोष्ट पडवीतच वाचली. "पेज?"

"पेज," मास्तर म्हणाले.

"पेजेला माझी काय हरकत? इथे आल्यापासून सकाळी मीही तीच पितो."

तिथे गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण मास्तर तसले नव्हते. "एक सांगून ठेवतो, पाळकसाहेब. उद्या दुसरं कोणी म्हणालं, तुळस न्या, तर सोबतीण तुळस नेणार. विचारायला गेली म्हणजे ऐकावंही लागणार."

पाळकसाहेब बराच वेळ सायकलची किल्ली बोटावर फिरवत बसले. मग म्हणाले, "अब्राहामकाकांच्या कानावर हे मी घालतो. तुम्ही वाचा."

नाताळच्या दुपारी चर्चच्या आवारात मंडप होता. जेवणं झाली, करंज्या वाटून झाल्या. मी मागे बायकांत बसले. मास्तर माईकसमोर उभे राहिले. कोट नाताळला आलेल्या रूथने इस्त्री केलेला, पण गळ्याशी ढगळ झालेला. आवाज एवढा बारीक होता की पहिल्या वाक्याला पोरं हसली. मग एकेक करून सगळे पुढे वाकले. हळू बोलणाऱ्याचं माणसं जास्त ऐकतात, हे मी तिथे पाहिलं.

सोबतीण लांज्याच्या घरी आली. बाईने पेज लोट्यात ओतली, वर फडकं बांधलं. सोबतीण निघाली. मला राहवलं नाही. मी मागून ओरडले, "मीठ!"

सगळा मंडप वळला. मास्तरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि माईकमध्ये म्हणाले, "आणि मीठ." मग पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. बेकरीतल्या माणसाने पेज ओळखली, एवढंच शेवटी होतं. त्याने डोळे उघडले वगैरे काही नव्हतं. चव ओळखली. मी त्यावर काही लिहिणार नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अब्राहामकाका काठीवर उठले. पाळकसाहेब घाईने त्यांच्याकडे गेले, पण काकांनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले.

"शमुवेल, माझ्या आजीकडे पाठव. एकच मुलगा तिचा, माझा बाप. त्याला घराबाहेर काढलं. ती गेली तेव्हा त्याला उंबऱ्याला पाय लावू दिला नाही. एकटी गेली."

"काय पाठवू, काका?"

"तुळशीचं पाणी. ती शेवटपर्यंत त्याच अंगणातली होती. तिला दुसरं गोड लागणार नाही."

पाळकसाहेबांनी त्यांना खुर्ची आणून दिली. मग माणसं उठायला लागली. एका नर्सबाईला आपल्या भावासाठी शाल पाठवायची होती. एकजण म्हणाला, माझ्या बापाला विडी, चालेल का? मास्तरांनी मान हलवली, चालेल. एक बाई काहीच म्हणाली नाही, नुसतं आईचं नाव सांगून गेली. सगळ्यांत शेवटी पाळकसाहेब आले. त्यांनी आपलं कोणी सांगितलं नाही. विचारलं, "मास्तर, आणि तुम्ही? तुम्ही काय पाठवणार?"

मास्तरांचा आवाज तोवर संपत आला होता. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

"चहा," ते म्हणाले. "गरम. अख्खा कप."

ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. मास्तर पाटीवर लिहून बोलायचे. मला वाचायला वेळ लागायचा आणि त्यामुळे आमची भांडणं लांबायची. पण त्या नाताळपासून पडवी रिकामी राहिली नाही. कोणी ना कोणी यायचं, आपल्या मेलेल्या माणसाचं सांगायचं, काय न्यायचं ते सांगायचं आणि चहा पिऊन जायचं. मुसलमान यायचे, भंडारी यायचे, आमच्या गावचीही एक म्हातारी येऊन गेली. मास्तर ऐकायचे. बोलता येत नव्हतं म्हणून नीट ऐकायचे. आधी ते माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नसत. बायकोची गोष्टही त्यांनी लिहून काढली, टपरीच्या पुढची. ती त्यांनी मला वाचायला दिली. मी बोट ठेवून वाचली. चांगली आहे.

पुढे त्यांना एकट्याने निभेना, तेव्हा रूथ येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघताना पाटीवर लिहिलं, "खोटं वाटलं की सांगत जा." मी म्हटलं, "कोणाला सांगू आता?" त्यांनी रस्त्याकडे, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे, सगळीकडे हात फिरवला.

दोन पावसाळ्यांनी रूथ घर आवरायला रत्नागिरीला आली. बाबा गेले, तिने सांगितलं. पुण्याच्या घरी, सकाळी. ती होती, जावई होता, दोन्ही नातवंडं शाळेत जायची थांबली होती, शेजारची बाईसुद्धा आत येऊन बसली होती. खोलीत उभं राहायला जागा नव्हती, म्हणाली.

"बरं झालं," मी म्हटलं. "सोबतिणींची एक खेप वाचली."